जायरोच्या पोटात

नवऱ्यानं मला पहिली आणि शेवटची थोबाडीत मारली ती लातूरच्या हँगरमध्ये, सगळ्यांदेखत. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. हातात होता तो पाना मी त्याच्यावर भिरकावला. त्याच्या खांद्याला लागून तो पत्र्याच्या दारावर आदळला आणि सगळा हँगर घणघणला. मेकॅनिक, शिकाऊ पोरं-पोरी, चहावाला, सगळे जागच्या जागी थिजले.

"मारायचंच होतं मला, तर घरी विष घालायचं होतंस!" तो ओरडला. "वर आभाळात कशाला मारतेस?"

एवढं सगळं झालं ते एका यंत्रापायी. भिंतीवरच्या लहानशा घड्याळाएवढी तबकडी, वर निळी, खाली तपकिरी, मधे आडवी रेघ. निळं म्हणजे आभाळ, तपकिरी म्हणजे जमीन. आत लहान मुलाच्या मुठीएवढी एक भिंगरी असते. इंजिनावरचा पंप हवा ओढतो आणि त्या हवेवर ती भयंकर वेगानं फिरते. फिरणारी भिंगरी आपली जागा सोडत नाही. विमान कललं तरी ती ताठच राहते, आणि तिच्यावरून पायलटला कळतं की आपण किती कललोय. ढगात शिरल्यावर शरीर साफ खोटं बोलतं. सरळ चाललोय असं वाटतं आणि विमान गिरक्या घेत खाली निघालेलं असतं. तेव्हा ही तबकडी सांगेल तेच खरं. हँगरमध्ये आम्ही तिला नुसतं जायरो म्हणतो.

नवरा फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो आणि त्याच स्कूलच्या विमानांची मी इंजिनीअर. हँगरमध्ये मी त्याला सर म्हणते, घरी अहो, आणि राग आला की जे तोंडात येईल ते. माझे वडील औशाला ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. ऑइलनं काळे झालेले हात मी लहानपणापासून बघितलेत. पण आमच्या खानदानात इंजिन उघडणारी बाई मीच पहिली, आणि कागदावर सही करून विमान आभाळात सोडणारीही मीच. ती सही म्हणजे माझा जीव. माझी सही नसेल तर विमान हँगरच्या बाहेर चाक काढत नाही.

त्या उन्हाळ्यात ह्या जायरोवरून आमची घरी-दारी भांडणं पेटली होती. यंत्र जुनं झालं होतं. इंजिन चालू केल्यावर उभं राहायला वेळ लावायचं, मधेच मान टाकायचं. नवऱ्याचं म्हणणं एकच, "फेका ते डबडं. स्क्रीनवालं नवं लावा. त्यात फिरणारं काही नाही, म्हणून झिजणारंही काही नाही."

"आणि वीज गेली की?"

"बॅटरी असते त्याला. तुझा पंप बसला की काय करशील? फुंकशील?"

मी म्हणायचे, ओव्हरहॉल करू. हैदराबादला एक वर्कशॉप आहे, त्यांचे हात चांगले आहेत. पूर्ण खोलतात, बेअरिंग नवे टाकतात, भिंगरीचा तोल बघतात, परत बांधतात. नवं लावायचं तर मंजुऱ्या, पत्रं, पॅनलची कापाकापी, आणि तोवर विमान उभं. तो म्हणायचा, ओव्हरहॉलच्या नावाखाली नुसतं पुसून, रंग मारून पाठवणारे ढीगभर आहेत, आत कुणी काय केलं ते तुला कसं कळणार? ह्यात तो चुकत नव्हता. म्हणून मी स्वतः तिथं जाऊन बसले, जुने बेअरिंग बाहेर येताना आणि नवे आत जाताना बघितले. यंत्र परत येताना मांडीवर घेऊन आले, बाळंतिणीचं बाळ आणावं तसं. एवढासा धक्का बसला तरी त्याचे बेअरिंग जातात.

बसवल्यावर इंजिन बंद करून मी पॅनलला कान लावला. चांगली भिंगरी इंजिन थांबल्यावरही कितीतरी वेळ गुणगुणत राहते. हिची गुणगुण थांबता थांबेना. मी नवऱ्याला हाताला धरून आणलं, त्याचं डोकं पॅनलला टेकवलं. "ऐका की, ऐका!" म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, "बरं बाई, तू जिंकलीस."

मग आली खंडेनवमी. आमच्या हँगरमध्ये त्या दिवशी झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाने, जॅक, ड्रिल, सगळं धुऊनपुसून मांडायचं, विमानाच्या पंख्याला झेंडूची माळ, नारळ, लिंबू. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. सासरे गेल्यावर त्या चाकूरहून आमच्याकडं राहायला आल्या. त्या दिवशी गावाकडच्या रानातून झेंडूची पोती मागवली त्यांनीच, आणि पहाटे उठून माळा ओवल्या त्याही त्यांनीच. लेकाचं विमान म्हणजे त्यांच्या लेखी सोन्याचं पाखरू.

जायरो बसवलेलं ते विमान तपासणीसाठी उघडलेलं होतं. मी पॅनलखाली उताणी पडून हवेचा फिल्टर काढत होते. आत्या वाकून बघायला लागल्या. "हे काय माय, सापासारखं?"

"नळी आहे आत्या. जायरोचं नाक समजा. हितनं हवा घेतो. त्याच्यावरच तुमच्या लेकाला वर काय, खाली काय ते कळतं."

"आगं माय!" म्हणाल्या आणि हात जोडले. मी हसत नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण घट्ट बसवलं. उघडी नळी मी कधीच ठेवत नाही.

पूजेला सगळे जमले. आत्या कुंकवाचं ताट घेऊन पुढं आल्या. मी अजून पॅनलखालीच होते, हात ग्रीसनं भरलेले. तेवढ्यात नवऱ्याचा आवाज आला, "आई, तू जरा मागं थांब. ताट मॅडमच्या हातात दे." मॅडम म्हणजे मॅनेजरची बायको. सवाष्ण. ताट तिच्या हातात गेलं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. मी बाहेर आले तेव्हा आत्या लांब दाराशी उभ्या होत्या आणि पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या.

जेवणं झाली, दसरा झाला. नळीचं झाकण मी लावलं तसंच होतं. ते काढून फिल्टर लावला, विमान बंद केलं, सही केली. दुसऱ्या एका पायलटनं ते नांदेडला नेलं. तिथं शिकाऊ पोरांच्या फेऱ्या चालू होत्या, सगळ्या उघड्या आभाळात. मी लातूरला, विमान तिकडं. पॅनलला कान लावायला तिथं कोण होतं?

परतीचा पाऊस रेंगाळला होता. विमान लातूरला परत आणायला नवरा नांदेडला गेला. येताना एकटाच होता. अहमदपूरच्या अलीकडं ढगांनी त्याला चहूबाजूंनी घेरलं. वळून मागं जावं तर मागचीही वाट बंद. हे त्यानं मला नंतर सांगितलं, तेही तुटक तुटक. तो तबकडीवर डोळे लावून बसला. तबकडी म्हणाली, उजवीकडं कलतोयस. त्यानं डावीकडं घेतलं. ती म्हणाली, अजून कलतोयस. त्यानं अजून डावीकडं घेतलं. विमान मुळात कललंच नव्हतं, कलवलं ते त्यानंच, तिचं ऐकून. मग वाऱ्याचा आवाज वाढला. उंचीचा काटा गरागरा खाली. पट्ट्यात सगळं अंग पिळून निघालं. ढगाच्या तळातून बाहेर पडला तेव्हा जमीन खाली नव्हती, खिडकीत उभी होती. सोयाबीनच्या गंजी, त्यावरच्या निळ्या ताडपत्र्या, एक बाई हात वर करून पळत सुटलेली. त्यानं तबकडीवरचे डोळे काढले आणि जमिनीकडं बघून विमान सरळ केलं. अजून थोडा उशीर झाला असता तर मला त्याचं तोंडही बघायला मिळालं नसतं.

लातूरला उतरला तो तडक माझ्याकडं चालत आला. पुढचं सांगितलंच.

थोबाडीत बसली त्याचं दुखलं नाही. दुखलं ते पुढचं. आमचे चीफ इंजिनीअर आणि मॅनेजर, दोघांनी मला ऑफिसात बोलावलं. "यंत्र उघडून कारण कळेपर्यंत तुमची सही बंद." मॅनेजर वर म्हणाला, "सर आधीपासून सांगत होते, नवं लावा. तुम्हीच हट्ट धरला ओव्हरहॉलचा." चीफनी मान वर केली नाही. ओव्हरहॉलमध्येच खोट निघाली तर सही कायमची जाणार, हे न सांगता मला कळलं. मी टेबलावरचा त्यांचा पेपरवेट उचलला होता. कसा खाली ठेवला ते माझं मला माहीत.

घरी वेगळीच आग. आत्यांनी दारातच धरलं. "माझ्या लेकराच्या जिवावर उठलीस की गं! त्यो कवाधरनं सांगून ऱ्हायला, नवं लाव, नवं लाव. जुनंपानं बसविलंस. काळीज हाय का दगड?"

"माझं काम मला शिकवू नका!"

"शिकवीन! नऊ म्हयने म्या वागविलंय त्याला, तू न्हाई!"

मी हातातलं ताट भिंतीवर फेकलं. वरण भिंतीवरून ओघळत राहिलं आणि कुणीच ते पुसलं नाही. नवरा सोफ्यावर बसून स्वतःच्या तळहातांकडं बघत होता. त्याच्याशी मी बोलायचं बंद केलं. आत्या माझ्या हातचं खाईनात. एकमेकांना ओलांडून जायचो आणि भांडी दाणदाण आपटायचो. एवढ्याशा घरात तिघंजण एकमेकांचा गळा धरून बसलो होतो.

हैदराबादला यंत्र उघडायच्या दिवशी मी आणि चीफ गेलो. काचेच्या पेटीसारखं टेबल, पांढरे हातमोजे. कारागिरानं वरची काच काढली, तबकडी काढली, आणि हात थांबवले. आतली भिंगरी लाल होती. बेअरिंगच्या कडेला लाल लगदा, तेलात कालवल्यासारखा.

"गंज," चीफ म्हणाले.

"गंज असा मऊ नसतो, साहेब," कारागीर म्हणाला. त्यानं नळी यंत्रात शिरते तिथली बारीक जाळी काढून पांढऱ्या कागदावर झटकली. तांदळाचा एक तुकडा पडला. लाल रंगलेला.

मी बोट लावून वास घेतला. कुंकू. अक्षता जाळीत अडकली, कुंकू जाळीतून पार गेलं. फिल्टरच्या पलीकडून, थेट नळीत कुणीतरी घातलेलं. कुंकवात तेल मिसळून बेअरिंग आवळले, भिंगरी धापा टाकायला लागली आणि खोटं बोलायला लागली. ओव्हरहॉलमध्ये काडीची खोट नव्हती.

"खंडेनवमी," चीफ हळूच म्हणाले. "कोणी?"

कोणी म्हणजे काय! ताट कुणाच्या हातात होतं ते सगळ्यांना माहीत होतं. परतीच्या वाटेवर मी मॅनेजरच्या बायकोला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की जीभ कोरडी पडली. त्या कुंकवाची कागदाची पुडी माझ्या मुठीत होती. ती तिच्या तोंडावर मारायची, एवढंच डोक्यात.

घरात शिरले तेव्हा आत्या फरशीवर लसूण सोलत बसल्या होत्या, नवरा दाराशी बुटाची नाडी बांधत होता. मी पुडी फरशीवर उघडली. "बघा! हे निघालं तुमच्या यंत्राच्या पोटात! कुंकू! झाकण काढून नळीत कुंकू ओतलं त्या भवानीनं! आता तिला हँगरमध्ये नेऊन सगळ्यांसमोर—"

"तिनं न्हाई." आत्यांच्या हातातला लसूण खाली पडला. "म्या घातलं."

मला आधी ऐकू आलं तेच खरं वाटेना.

"तूच म्हटलीस ना माय, त्याचं नाक हाय, त्याच्यावरच लेकराला वरखाली कळतंय. गावाकडं बोअर मारलं की त्याच्या तोंडात आपण हळदकुंकू घालतोच की. म्हणून घातलं. चिमूटभर. चार अक्षता."

"पण आत कशाला?" मी किंचाळले. "वर लावायचं होतं की! पंख्याला लावा, पत्र्याला लावा, कुठं पण लावा! आत कशाला, आत्या?"

"वर मला कोण लावू देतंय?"

हे त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं नाही. नवऱ्याकडं बघून म्हटलं. "सगळे जेवायला बसले तवा गेले. झाकण काढलं, घातलं, फिरून लावलं. रांडमुंड बाईच्या हातचं कुंकू कुणाला दिसाया नको. आत कुणाला दिसंल? म्हनून आत."

नवरा वाकलेला तसाच राहिला, नाडी हातात. आत्यांनी पुडीतल्या त्या तांदळाच्या तुकड्याकडं बघितलं आणि दोन्ही मुठींनी कपाळ बडवायला सुरुवात केली. "ह्याच हातानं! ह्याच हातानं लेक खाल्ला असता की रं म्या!" कपाळ लाल झालं, बांगड्या नसलेली ती मनगटं दाणदाण आपटत होती. नवरा धावला, मनगटं धरली. त्यांनी एक हात सोडवला आणि त्याच हातानं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो मागं सरकून भिंतीला टेकला.

"आन तू? हिच्यावर हात टाकलास? सगळ्यांदेखत? मला सगळ्यांदेखत माघं सारलंस, हिला सगळ्यांदेखत मारलंस! लई मोठा झालास व्हय रं विमानात बसून?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला दया आली नाही. माझी सही परत मिळणार होती, मी खरी ठरले होते, तरी छातीत नुसता जाळ होता. त्या मागं थांब म्हणण्यापायी मी विधवा होता होता राहिले, हेच डोक्यात फिरत राहिलं. मग मी जाऊन आत्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घट्ट धरले, कारण त्या परत कपाळ बडवायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या ऐकेनात. माझ्यासोबत हँगरला आल्याच. मॅनेजर, चीफ, सगळे जमलेले. पदर डोक्यावर घेऊन त्यांनी एका दमात सांगितलं, "कुंकू म्या घातलं. सुनंचा गुन्हा न्हाई. तिची सही तिला द्या."

मॅनेजर गडबडला. "पण आजी, आत कशाला घालायचं? बाहेरून लावलं असतं तर काहीच झालं नसतं."

आत्यांनी पदर आणखी पुढं ओढला. नवरा पुढं झाला. ह्याच जागेवर त्यानं मला मारलं होतं. "मी तिला मागं थांब म्हणालो होतो," तो म्हणाला. "तुमच्या सगळ्यांसमोर. म्हणून आत." मग माझ्याकडं वळून, तेवढ्याच मोठ्यानं, "आणि हिला मारलं तेही माझं चुकलं." मॅनेजरची बायको त्या वेळी तिथंच होती. ती उठून बाहेर गेली.

सही मला त्याच दिवशी मिळाली.

राहिला प्रश्न यंत्राचा. गंमत बघा, आता नवराच म्हणायला लागला, "जुनंच परत ओव्हरहॉल करून घे. तुझं बरोबर होतं." मी त्याला झापलं. कुंकवानं भिंगरीचा दांडा खरवडला होता, त्याला आता कितीही पुसा, परत झिजणारच. हे मेलंय, म्हटलं, नवं मागवा. जे दुरुस्त होतं ते दुरुस्त करावं, जे होत नाही ते काढून फेकावं, माझी माया असली म्हणून काय झालं. मंजुऱ्या आल्या, पॅनल कापलं, स्क्रीनवालं नवं बसलं. त्याला नाकही नाही आणि नळीही नाही. इंजिन बंद केल्यावर मी सवयीनं कान लावते. काही ऐकू येत नाही.

पण आत्यांनी कुंकवाला हात लावायचा सोडला. देवालासुद्धा नाही. देवघरातली कुंकवाची वाटी त्यांनी माझ्याकडं सरकवली आणि हात पाठीमागं घेतले. "माझ्या हातचं नगं माय. इखारी हाय."

पुढची खंडेनवमी आली. झेंडू आले, माळा झाल्या. आत्या हँगरच्या दाराबाहेर, उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. कुणी सांगायची वाटसुद्धा बघितली नाही त्यांनी. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मॅनेजरच्या बायकोच्या हातातलं ताट घेतलं, घेतलं म्हणजे ओढलंच, आणि दाराबाहेर गेले. आत्यांचं मनगट धरलं. त्यांनी हिसडा दिला. मी सोडलं नाही. त्यांना ओढत विमानापर्यंत आणलं. सगळे बघत होते, बघू देत. "सोड गं, सोड! लेकरू बसतंय माझं त्याच्यात!" त्या रडत होत्या. नवरा पलीकडून आला, विमानाचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "लाव, आई."

मी त्यांचा अंगठा कुंकवात बुडवला आणि पॅनलच्या पत्र्यावर, बरोबर त्या नव्या यंत्राच्या खाली, जोरानं दाबला. त्या हात मागं ओढत होत्या. मग ओढ थांबली आणि त्यांनीच दाबायला सुरुवात केली, दात-ओठ खात, पत्रा आत जाईल इतक्या जोरानं, परत परत, बोट पांढरं पडेपर्यंत.

"वरून लावा आत्या," मी म्हणाले. "वरून, सगळ्यांदेखत."

मग त्यांच्या अंगठ्याचं उरलेलं कुंकू मी माझ्या ओढणीला पुसलं आणि नवऱ्याला इंजिन चालू करायला सांगितलं.